नऊ ते पाच : घरातलं कोणतं यंत्र कधी लावावं

"दुपारी मशीन लावलं तर खरंच पैसे वाचतात का गं?" हा प्रश्न मला गल्लीत, ऑफिसात, लग्नकार्यात, सगळीकडे विचारला जातो. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते आणि घरचं वीजबिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. वाचतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज थोडी स्वस्त मिळते, म्हणून पैसे नक्की वाचतात. पण किती, कोणत्या यंत्रावर, आणि कुठे उगाच जिवाचा आटापिटा करू नये, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. घरात पाच माणसं : सासू-सासरे, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी मुलगी. महावितरणची जोडणी, टीओडी स्मार्ट मीटर. खालचं सगळं या घराच्या हिशेबाने लिहिलंय. तुमची माणसं आणि यंत्रं वेगळी असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी योजना काय ते. टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, दिवसातल्या वेळेप्रमाणे दर. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून हे तत्त्व आणलं : दिवसातले आठ तास, म्हणजे भरपूर ऊन असतं ते तास, वीज स्वस्त ठेवायची. आपल्याकडे महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट सुरू झाली, आणि पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत न्यायचं ठरलं. दर आणि सवलती बदलत राहतात, म्हणून हिशेब करताना तुमच्या ताज्या बिलावरचा आकडाच धरा. मी इथे ८० पैसे धरते. ही सूट टीओडी मीटर असलेल्यांनाच मिळते, कारण जुन्या मीटरला युनिटं मोजता येतात, पण ती कोणत्या वेळी वापरली हे कळत नाही. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे असतात, तिथल्यांनी त्यांचं बिल पाहावं.

दिवसा वीज स्वस्त का, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. दुपारी सौर प्रकल्प जोरात चालतात आणि वीज मुबलक असते. साडेपाच-सहानंतर ऊन उतरतं, नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. मग ती गरज भागवायला आमच्या एकलहऱ्यासारखी कोळशावरची केंद्रं लागतात. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्पही मुख्यतः अशा चढत्या मागणीच्या वेळी चालवतात. आणि भंडारदऱ्याला फिरायला गेलात तर जवळच घाटघर आहे. तिथे २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपाने वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. वीज स्वतः साठवायला अवघड, म्हणून पाण्याच्या रूपात साठवतात.

घरात आपल्याला हेच करायचंय. जे साठवून ठेवता येतं, ते काम नऊ ते पाचमध्ये ढकलायचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साठतं. गिझरमधलं गरम पाणी काही तास टिकतं. स्कूटरच्या बॅटरीत वीज साठते. धुतलेले कपडे, दळलेलं पीठ, इस्त्रीच्या घड्या, सगळं साठतं. दिव्याचा उजेड साठत नाही, पंख्याचा वारा साठत नाही आणि रात्रीची गरम पोळी दुपारी करून ठेवता येत नाही. जे साठत नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. इतकी एक चाळणी लावली की निम्मं काम झालं.

आता मोजायचं कसं? एक युनिट म्हणजे १,००० वॅटचं यंत्र एक तास. हे सगळ्यांना माहीत असतं, पण यंत्रावर छापलेले वॅट आणि प्रत्यक्षात ओढली जाणारी वीज यांत फरक पडतो. इस्त्री सारखी बंद-चालू होते, वॉशिंग मशीनचा हीटर थोडाच वेळ लागतो. त्यासाठी मीटरचा लाल दिवा वापरा. मीटरवर बारीक अक्षरांत एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं. ३२०० असं बऱ्याच मीटरवर दिसतं, तुमच्यावर वेगळं असू शकतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजचं बटणही तेवढ्यापुरतं बंद, आणि फक्त गिझर लावा. मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. आकड्याला ६० ने गुणा आणि ३२०० ने भागा, म्हणजे किलोवॅट आले. २,००० वॅटच्या गिझरला मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुक यायला हवी. इतकी भरभर मोजता येत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा, किंवा पंधरा सेकंदांची मोजून चारने गुणा. फ्रिजचा कॉम्प्रेसर १५० वॅट ओढत असेल तर मिनिटाला आठच. ही दोन टोकं डोळ्यांनी पाहिली की कशामागे लागायचं आणि काय सोडून द्यायचं हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या मुलीने हा खेळ सगळ्या यंत्रांवर केला आणि आकडे फ्रिजच्या दारावर चिकटवले. मीटरची पेटी मात्र उघडायची नाही, सीलला हात लावायचा नाही. बाहेरून दिसतं तेवढंच पुरतं.

गिझरवर सगळ्यात जास्त लिहिते, कारण बहुतेक घरांत पाण्यासारखी वीज तिथेच जाते. आमचा १५ लिटरचा साठवणीचा गिझर, २,००० वॅट. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट आणि अठरा-वीस मिनिटं लागतात. त्या १५ लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं ४० अंशांचं ३५ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर येतं तेव्हा हेच काम पाऊण युनिटच्या जवळ जातं. निफाडकडे पारा उतरला की आमच्याकडेही टाकीतल्या पाण्यात बोट घालवत नाही, त्या महिन्यांत बिल चढतं ते मुख्यतः यामुळे.

म्हणून घरातल्या अंघोळींच्या वेळा बघा. सासूबाईंची अंघोळ सहाला, त्यानंतर देवपूजा. ती वेळ हलवायची नाही, हे मी पहिल्यांदाच ठरवून टाकलं. नवऱ्याची पहिली पाळी सातची, माझीही घाई, त्यामुळे आमचंही पाणी पहाटेच तापतं. सासरे मात्र फिरून, पेपर वाचून नवाच्या पुढेच अंघोळीला जातात आणि मुलीचं कॉलेज अकराचं. या दोघांसाठी गिझर नऊला पाच मिनिटं असताना लावायचा त्याऐवजी नऊ वाजून पाच मिनिटांनी लावायचा, बदल एवढाच. आधी सासरे घाईने पावणेनऊलाच बटण दाबायचे. आता सासूबाईच आतून हाक मारतात, "अहो, नऊ वाजू द्या की!" नवरा कामावरून आल्यावर संध्याकाळी पुन्हा अंग धुतो. त्याचं पाणी पावणेपाचपूर्वी तापवून बटण बंद केलं तरी सहा-सातपर्यंत चांगलं गरम राहतं. तेच पाणी रात्रभर ठेवून सकाळी वापरू म्हणाल तर कोमट मिळेल आणि पुन्हा तापवायला वीज जाईल, म्हणून तो उद्योग करू नका. गिझर सतत चालू ठेवणं तर कोणत्याच दरात परवडत नाही. वापर नसताना पाणी निवत राहतं आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापवत राहतं. तापमानाची खुंटी शेवटपर्यंत फिरवलेली असेल तर ६० वर आणा.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर हे काहीच लागू नाही. त्यात साठा जवळजवळ नसतो, नळ सोडाल तेव्हाच वीज लागते. तिथे सरकवायची ती अंघोळच, आणि ती प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवावी.

दुसरा नंबर पाण्याच्या मोटारीचा. हे काम सरकवायला सगळ्यात सोपं आणि कुणालाही त्रास नसलेलं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे येऊन खालच्या टाकीत पडतं. पूर्वी पाणी आलं की लगेच मोटार लावून वर चढवायचो, जणू ते पळून जाणार. खालच्या टाकीत साठलेलं पाणी कुठे जात नाही. आता साडेनऊला मोटार. एक अश्वशक्तीची मोटार तासाला एका युनिटच्या आसपास खाते, आमची टाकी अर्ध्या तासात भरते. एक गोष्ट मात्र तपासून घ्या : संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ या सोळा तासांना वरची टाकी पुरली पाहिजे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशेब. पाच माणसांना पूर्ण दिवसाचे ६७५ लिटर होतात. म्हणजे हजार लिटरची टाकी साडेचारला थोडा वेळ मोटार लावून भरून घेतली की सकाळच्या गर्दीलाही पुरते. पाचशेची असेल तर पहाटे मोटार लावावी लागेल, लावा, त्यात हरकत काय? मोटारीला टायमर लावणार असाल तर फ्लोट स्विच (पाण्याची पातळी पाहून मोटार आपोआप बंद करणारं बटण) हवाच, नाहीतर वर टाकी वाहते, नाहीतर खाली पाणी नसताना मोटार कोरडी फिरून जळते. जळलेली मोटार पुन्हा भरून (वाइंडिंग करून) घेण्याचा खर्च काढायला ८० पैशांची किती वर्षं लागतील ते सांगायला नको.

सोसायटीत राहणाऱ्यांची मोटार आणि लिफ्ट सामाईक मीटरवर असतात. तिथे वॉचमनदादांना वेळ बदलून सांगण्याआधी सोसायटीच्या बिलावर कोणता दर लागतो ते सेक्रेटरीकडून बघून घ्या.

वॉशिंग मशीनबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. सगळे आधी मशीनच दुपारी ढकलायला बघतात. गार पाण्यावर चालणारं मशीन एका खेपेला ०.२ युनिटच्या आसपास घेतं, कारण नुसती मोटार फिरते. ते दुपारी लावून वाचतात १६ पैसे. त्यासाठी कुणी दुपारची झोप मोडू नये. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो, तो लागला की हिशेब बदलतो. ४० अंशांवर धुतलं तर ०.६ युनिटच्या घरात, ६० अंशांवर एका युनिटजवळ किंवा त्याहून वर. म्हणून आमच्याकडे रोजचे कपडे गार पाण्यावर आणि वेळ मिळेल तेव्हा. चादरी, टॉवेल, कामावरचे तेलकट कपडे गरम पाण्यावर आणि नऊनंतर. डिले स्टार्टचं बटण असेल तर मी सकाळी निघताना कपडे, साबण घालून ठेवते आणि मशीन दहाला आपोआप सुरू होतं. सासूबाई घरात असतात म्हणून. रिकाम्या घरात पाण्याचं मशीन चालू ठेवून जाऊ नये, नळी निसटली तर घरभर तळं होतं. दहाला लावलेल्या कपड्यांचा आणखी एक फायदा, ऊन मिळतं. वाळवायला ड्रायर लावावा लागत नाही.

स्कूटर. नवऱ्याची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, सातपूरला जाऊन येऊन रोज वीसेक किलोमीटर. तेवढ्याला सॉकेटमधून पाऊण युनिटच्या आत वीज लागते. चार्जर ७०० वॅटच्या आसपासचा. म्हणजे रोजची तूट तासाभरात भरते. तो पावणेचारला येतो, चहा होईपर्यंत बॅटरी निवते, आणि चार ते पाच चार्जिंग. रात्री झोपताना लावून सकाळी काढायची सवय बहुतेकांना असते, ती मोडायला आम्हाला काही कष्ट पडले नाहीत. ज्यांची गाडी दिवसभर ऑफिसात उभी असते त्यांनी रविवारी दुपारी पूर्ण भरावी आणि आठवड्यात लागेल तेवढीच रात्री. रोज शंभर टक्के भरलीच पाहिजे असं काही नसतं. आणि पार्किंगमध्ये साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका. भिंतीतला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट करून घ्या.

घरघंटी एक अश्वशक्तीची. तासाला एका युनिटच्या आत-बाहेर, त्यात सहा-सात किलो गहू निघतो. पाच माणसांना महिन्याला तीन-चार तासांचं दळण होतं. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी दहाला दळायचं. दिवाळीआधी चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ असं दळण वाढतं, ते तर दिवसाच बरं, कारण रात्री घरघंटीचा आवाज शेजारच्या भिंतीपलीकडे जातो. इस्त्रीचंही तसंच. १,००० वॅटची इस्त्री बंद-चालू होत तासाला अर्धं-पाऊण युनिट खाते. रोज सकाळी एक शर्ट घाईने करण्याऐवजी रविवारी सकाळी सगळ्यांचे एकदम करा. इथे खरी बचत वेळेच्या सवलतीपेक्षा इस्त्री रोज नव्याने तापवावी लागत नाही याची आहे. पण एप्रिलमध्ये दुपारी दोनला, वर तापलेला स्लॅब आणि हातात तापलेली इस्त्री, असं कुणाला उभं करू नका. त्या वेळी पंखा पाचवर आणि घामाने माणूस बेजार, काय मिळवलं?

इथे मला मनापासून एक सांगायचंय. दर दिवसा स्वस्त झाले म्हणून घरातल्या बाईची दुपार मोडू नये. बहुतेक घरांत नऊ ते पाच या वेळेत घरी कोण असतं? सासू, आई, नाहीतर घरकाम सांभाळणारी सून. तिची एक ते तीनची टेकण्याची वेळ ही तिची एकुलती विश्रांती असते. जे यंत्र बटण दाबून आपलं आपण चालतं (मोटार, मशीन, चार्जर, गिझर) तेच सरकवा. ज्याच्याजवळ उभं राहावं लागतं ते तिला हवं तेव्हा. चार रुपयांसाठी सासूबाईंची वामकुक्षी मोडायची माझी तयारी नाही, तुम्हीही ती मोडू नका.

फ्रिजला हात लावू नका. तो चोवीस तास चालतो, त्यातले आठ तास आपोआप सवलतीत येतात. आमच्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला २२० युनिटं लिहिलीत. तिसरा हिस्सा धरला तर महिन्याला सहा युनिटं, पाच रुपये न मागता मिळतात. रात्री फ्रिज बंद करून दिवसा लावणारे लोक मी पाहिलेत. त्याने दूध नासतं आणि सकाळी तापलेला फ्रिज पुन्हा गार करायला जास्त वीज जाते.

एसीचं अवघड आहे. तो लागतो रात्री, सवलत असते दिवसा. काही जण सांगतात की चारला एसी लावून खोली गार करून ठेवा, पाचला बंद करा, रात्रीपर्यंत गारवा टिकेल. आपल्या सिमेंटच्या घरांत तो टिकत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता आत सोडत राहतात. चारला लावलेला एसी त्या भिंतीशीच झगडत बसतो आणि झोपायच्या वेळी खोली पुन्हा होती तशी. त्यापेक्षा दुपारी पडदे ओढून ठेवा, गच्चीला पांढरा रंग द्या, झोपताना एसी २४ वर ठेवून वर पंखा हळू लावा. तापमान एक अंशाने वर ठेवलं तर एसीची साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे. ती बचत वेळ सरकवण्यापेक्षा मोठी आहे. ज्यांच्या घरी आजारी किंवा वयस्कर माणसं दुपारी एसीत असतात, त्यांना सवलत मिळतेच, त्यांनी निश्चिंत वापरावा.

दिवे, टीव्ही, मिक्सर, मोबाइलचे चार्जर यांचा विचार सोडून द्या. ९ वॅटचा एलईडी पाच तास चालला तर ०.०४५ युनिट. ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटं फिरवला तर ०.०६. दोन्ही मिळून आठ-नऊ पैशांचा प्रश्न. संध्याकाळी मुलांनी अंधारात बसायचं काही कारण नाही.

आता सगळं मांडून बघू. आमच्याकडे महिन्याला सवलतीत सरकलेली युनिटं अशी : गिझर २६, स्कूटर १८, मोटार १५, गरम पाण्याची धुलाई ९, दळण ४, इस्त्री ४. बेरीज ७६. ८० पैशांनी ६१ रुपये. वर्षाला सव्वासातशेच्या पुढे, आणि दर १ रुपयावर गेला तर नऊशेच्या वर. हा आकडा ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. मला तो पुरेसा वाटतो, कारण त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही आणि कुणाची गैरसोय होत नाही. पण कुणी तुम्हाला बिल निम्मं होईल असं सांगून हजारो रुपयांचे टायमर आणि स्मार्ट प्लग विकत असेल तर हीच बेरीज त्याच्यासमोर ठेवा.

बिल खरं फुगतं ते टप्प्यांमुळे. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभरच्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास जातो आणि तीनशेनंतर पुन्हा उडी मारतो. आमच्या टप्प्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून एक युनिट दहा रुपयांच्या वर पडतं. म्हणजे दहा युनिटं दुपारी सरकवून मिळतात आठ रुपये आणि एक युनिट वापरलंच नाही तर त्याहून जास्त. वेळ सरकवल्याने युनिटं कमी होत नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवा. "आता स्वस्त आहे" म्हणून दुपारी एक तास जास्त चालवलेलं यंत्र ८० पैसे कमी दराने का होईना, पूर्ण पैशानेच चालतं. महिना संपता संपता मीटरवरचं वाचन बघायची सवय लावा. या बिलातला वापर २९० युनिटांवर आला असेल तर उरलेल्या दिवसांत गरम धुलाई पुढच्या बिलावर ढकला.

एक सावधगिरीची गोष्ट. नऊ वाजले म्हणून सगळं एकदम लावू नका. गिझर २,०००, मशीनचा हीटर २,०००, इस्त्री १,०००, मोटार ७५०, घरघंटी ७५०. एकत्र ६,५०० वॅट, म्हणजे २८ अँपिअर. जुन्या वायरिंगला हे झेपत नाही. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण) पडला तर नशीब समजा, नाहीतर जोडाजवळची वायर आतल्या आत तापत राहते आणि आपल्याला कळतही नाही. शिवाय बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते, छापलेला असतो, तो बघा. आठ तास आहेत, घाई कसली? आमच्याकडे नऊला गिझर, तो बंद झाला की साडेनऊला मोटार, दहाला मशीन, चारला स्कूटर, पावणेपाचच्या आत पुन्हा गिझर पंधरा मिनिटं. सासऱ्यांनी ही वेळापत्रकाची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून स्विचबोर्डशेजारी लावलीय. गिझरला किंवा मोटारीला टायमर घ्यायचाच असेल तर १६ अँपिअरचा घ्या आणि वायरमनकडून बसवून घ्या. बाजारात मिळणारे हलके प्लग दिव्यांसाठी असतात, त्यांवर २,००० वॅट टाकलं की प्लास्टिक वितळतं.

दोघंही नोकरीला आणि घर दिवसभर बंद, अशा घरांना मिळण्यासारखं कमी आहे. शनिवार-रविवारची धुलाई, इस्त्री, दळण, गाडीचं पूर्ण चार्जिंग, आणि फ्लोट स्विच असेल तर टायमरवरची मोटार, एवढंच. त्यांनी टप्प्यांकडे जास्त लक्ष द्यावं.

बदल केल्यावर तो लागू झाला का हे बघायला विसरू नका. बिल आलं की एकूण युनिटांबरोबर वेळेप्रमाणे विभागलेली युनिटं आणि टीओडीची वजावट शोधा. नऊ ते पाचची युनिटं गुणिले सवलतीचा दर, हा गुणाकार कॅल्क्युलेटरवर करून वजावटीशी ताडून पाहा. टीओडी मीटर बसूनही बिलावर वजावटच दिसत नसेल तर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलाची प्रत घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नवे दर साधारणपणे एप्रिलपासून लागू होतात, तेव्हा स्विचबोर्डजवळची चिठ्ठी एकदा नव्या बिलाशी पडताळून पुन्हा लिहायची.